मामांनी वगळलेली घोडी

१६ ऑक्टोबर, गुरुवार

त्या तांबड्या घोड्याने माघार घेतली! सकाळपासून तीनदा वाचलं. ‘पायाच्या दुखण्यामुळे स्पर्धेतून बाहेर.’

परवा मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून त्याच्या सरावाचा व्हिडिओ बघून राह्यले होते. मागं खाटेवर मामा पडलेले. एकदम म्हणाले, “हे लंगडतंय.” मी म्हटलं, मामा, हा अमेरिकेतल्या पहिल्या पाचातला घोडा आहे. तर म्हणे, “आसंल. लंगडतंय.” सासऱ्यांशी कोण वाद घालणार! आणि आज हे.

आधी अंगावर काटा आला, मग लगेच भीती. कारण मला काहीच दिसलं नव्हतं! मी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स. या खेळांच्या बातम्यांच्या साइटवाल्यांनी मला घेतलं क्रिकेटचे आकडे लिहायला. घोड्यांचं बघणारा माणूस दसऱ्याला सोडून गेला आणि पुण्याच्या निवेदिता मॅडमनी सगळं माझ्या गळ्यात टाकलं. अमेरिकेतली जागतिक स्पर्धा, दोन दिवसांत चौदा शर्यती, प्रत्येक शर्यतीचे चार दावेदार निवडायचे. खाली माझं नाव येणार — पहिल्यांदाच. “जमलं तर कायम करू साधना. नाही जमलं तर घोड्यांचं पान बंद, आणि मग तुझंही अवघड आहे.”

मी घोडा जवळून पाहिला तो आयुष्यात एकदाच — आमच्या लग्नात. त्यावर भारत बसला होता, आणि मी त्यालाच बघत होते!

यादी २८ तारखेपर्यंत द्यायची. बारा दिवस.

१७ ऑक्टोबर

मामांना विचारलं, रोज तासभर बसाल का माझ्यासोबत? म्हणाले, “बसतो की. मला कोणतं काम हाय.” आणि चहा झाल्यावर दाढी करून, धुतलेली टोपी घालून बसले! दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडणारी मीच काय ती गबाळी.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवसांत पाच शर्यती झाल्या. स्टुलावर लॅपटॉप, खाटेवर मामा, आणि मी त्यांच्या बाजूला, जराशी मागं, पदर सावरून. सासऱ्यांसमोर तोंड करून बसायची आमच्याकडं रीत नाही. मला ती कधी खुपलीही नाही. मागं बसलं की वहीत खुशाल खाडाखोड करता येते.

मामा जवानीत टांग्याच्या शर्यती मारायचे, हे लग्न झाल्यापासून ऐकतेय. बदनापूर ते थेट परभणीपर्यंत कुठंही टांगा पळवला म्हणतात. आज विचारलं, मामा, घोडा ओळखायचा कसा? पाय बघायचे का? हसले. “टांग्यावर बसणाऱ्याला घोड्याचं ढुंगण दिसतं बाई. पाय कुठं दिसतेत!”

सुनेला असं बोलतात! मग स्वतःच लाजले आणि टोपी सारखी केली. मी पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

प्रत्येक घोड्याला ते आधी विचारतात, “रंग कोणता?” मी सांगते. मग नाव ठेवतात. त्यांना इंग्रजी नावं बोलता येत नाहीत. एकीला ‘घुंगरू’ म्हणाले. एका धिप्पाड घोड्याला ‘ढोलकी’. ढोलकी कुठून काढलं म्हटलं, तर म्हणे, “मंग काय! ढोलकीच हाय ते.” माझ्या वहीत आता अर्धी नावं मामांची आहेत. मॅडमच्या हाती पडली तर नोकरी तिथंच संपली.

सासूबाई गेल्यापासून ह्या माणसाला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

एकच ताप — सारखं “आवाज वाढव, आवाज वाढव.” शेजारच्या शीतलने खिडकीतून विचारलं, घरात घोडे बांधलेत का वहिनी?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा, फराळ, पाहुणे. एकही शर्यत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बेबीनंदा आत्या ओवाळायला आल्या. मामा ओट्यावरच बसलेले. आत्या समोर येऊन उभ्या राहिल्या तरी हे आपले गप्प! आत्यांनी “दादा” म्हटलं तेव्हा कुठं हसले. आत्या रुसल्या ना! “बहिणीला वळखंना झालास व्हय रे.” जेवतानाही दोनदा काढलं त्यांनी.

ही माझीच चूक. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात मी रात्रंदिवस घोडे भरून राह्यले आहे.

भारतला सांगितलं, मामांना ऐकायला कमी येतंय, आवाज इतका लागतो की माझे कान दुखतात. आणि हाक मारली की चेहरा भलतीकडंच वळतो कधीकधी. तो म्हणाला, “वय झालं त्यांचं. सायकल सोडली, आता कान. दिवाळीची पळापळ होऊ दे, मंग जालन्याला कानवाल्याकडं नंबर लावू.” मामांना आत्ताच काही बोलायचं नाही असं ठरलं. उगाच मनाला लावून घेतील.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज घात झाला.

घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला हात घालायच्या आधी घोड्यांच्या राणीची शर्यत घेतली — फक्त घोड्या पळतात ती. त्यात विलो लँटर्न. पांढुरकी, सात शर्यती, सातही जिंकलेल्या. जगातला प्रत्येक जाणकार तिला पहिला नंबर देऊन बसलाय. माझे आकडेही तेच सांगतात. दोन मिनिटांत संपायचं काम.

तबेल्यातून मैदानाकडं सिमेंटच्या वाटेवरून चालत निघालेली, असा तिचा व्हिडिओ. मामांनी चारदा लावायला सांगितला. पाचव्यांदा म्हणाले, “ही न्हाई.”

“का मामा?”

“पुढला उजवा. टेकवती, पर जीव लावून टेकवत न्हाई.”

मी पडद्याला नाक लावलं. काही नाही! मग वेग कमी करून, एकेक पाऊल थांबवत लावलं. मामा वैतागले. “ह्यात काय कळतंय? पहिल्यासारखं लाव.” पुन्हा लावलं. “ही न्हाई,” बस. उठून काठी घेऊन पाणी प्यायला गेले.

२६ ऑक्टोबर

निवेदिता मॅडमना फोन केला. म्हटलं, लँटर्नला चारात घेऊ नये असं वाटतंय. हळू आवाजात — त्या चिडल्या की हळू बोलतात — “पहिल्या नंबरावर न ठेवणं मी समजू शकते. चारातूनच काढतेस? कारण?”

सासरे म्हणाले, असं कसं सांगू? म्हटलं, चालण्यात गडबड वाटते.

“तुला वाटते? तिथले डॉक्टर रोज बघतात, त्यांना नाही वाटत?”

शेवटी म्हणाल्या, “नाव तुझं आहे. तू ठरव. पण तोंडघशी पडलीस तर मला वाचवता येणार नाही, आत्ताच सांगते.”

भारतला विचारलं तर म्हणे, टाकून दे ना घोडी यादीत, मामांना कुठं वाचता येणारे! एवढा राग आला! घरातल्या माणसाला रोज बसवायचं, विचारायचं, आणि मागून गुपचूप खोडायचं?

पण खरं सांगू? तो बोलायच्या आधी माझ्याही मनात तेच आलं होतं.

२७ ऑक्टोबर

लँटर्न आत. लँटर्न बाहेर. पुन्हा आत. पोहे करपले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी यादी तयार, नुसतं पाठवायचं बाकी. मामांपाशी जाऊन बसले. म्हटलं, “मामा, बिलकुल नक्की ना? खाली नाव माझं जातंय. लोक हसले तर मलाच हसतील.”

ते गुडघ्यावर हात फिरवत बसले. वाटलं, आता म्हणतील राहू दे. तेवढ्यानंही सुटले असते मी! पण म्हणाले, “पुन्यांदा लाव.” लावलं. मान खाली घालून, डोळे मिटून बसले. मला तर वाटलं पेंगले. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, “मंग नाव माझं टाक. बद्रीनाथ टांगेवाला. हसू दे मला.”

रडूच आलं. चार वाजून दहा मिनिटांनी पाठवली. लँटर्न बाहेर. घोडं गंगेत न्हालं एकदाचं.



३० ऑक्टोबर

यादी साइटवर आली. ‘साधना, बदनापूर.’ नाव पाहून पाच मिनिटं आनंद झाला, मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. वाचायलाच नको होत्या. ‘बाईंनी घोडा कधी पाहिलाय का?’ ‘लँटर्नला वगळलं? आता सूर्यही वगळा.’ एकाने नुसती हसणारी तोंडं टाकलीत, एकवीस. हो, मोजली!

भारतच्या मिलमध्येही कळलं. सळया ओढता ओढता कोणीतरी त्याला विचारलं, “वहिनीचा घोडा कोणता रं, आपला बैल लावू का संगं?” त्याने हसून सांगितलं, पण डबा तसाच परत आणला.

मामांनी विचारलं, “काय म्हणून राह्यलेत लोकं?”

“चांगलं म्हणतात, मामा.”

“बराबर,” म्हणाले. चेहरा इतका उजळला! खोटं बोलल्याची लाज वाटली, पण काय करू?

१ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

तिकडं पहिला दिवस संपला. सात शर्यतींपैकी फक्त तीन ठिकाणी जिंकणारा माझ्या चारात होता. घुंगरू जिंकली, ढोलकी चक्क नववा. मॅडमचा निरोप — ‘हं.’ एवढाच. ह्या ‘हं’चा अर्थ काय लावायचा?

आता सगळं लँटर्नवर. तिची शर्यत आपल्याकडं उद्या पहाटे. ती जिंकली की मी संपले.

मघाशी देवापुढं दिवा लावताना ध्यानात आलं, मी काय मागून राह्यले! एका मुक्या जनावराचा पाय दुखावा म्हणून हात जोडून उभी होते. शी! दिवा तसाच ठेवून बाहेर आले. सुखरूप पळू दे बाई तुला. माझं होईल ते होईल.

संध्याकाळ

सव्वासात वाजता बातमी आली.

तिकडं सकाळची तपासणी झाली. डॉक्टरांनी विलो लँटर्नला शर्यतीतून काढलं. पुढचा उजवा पाय. हाडाला बारीक चीर असावी असा संशय. पळाली असती तर पाय मोडलाच असता, असं लिहिलंय.

धावत गेले आणि ओरडलेच, “मामा! काढली तिला! पुढला उजवा!” वाटलं, मिशीला पीळ देतील, नाचतील. ते नुसते कपाळाला हात लावून म्हणाले, “वाचलं जनावर.” आणि मग, “आपण जल्दी कळवायला पाहिजे व्हतं त्याईला.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवडाभर मी फक्त माझं नाव बघत होते.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन, फोन, फोन! चौदापैकी आठ शर्यती बरोबर निघाल्या. तसं काही फार नाही. पण विचारतात ते सगळे लँटर्नचंच. एकवीस तोंडांवाला आता ‘मॅडम तुस्सी ग्रेट’ लिहून गेला. निवेदिता मॅडम मोठ्यांदा बोलल्या, म्हणजे खुश होत्या. “कायमचं पत्र मंगळवारी काढते. फक्त एक लेख दे मला. तुला हे कुठल्या सेकंदाला दिसलं? तिथं व्हिडिओ थांबव, फोटो काढ, पायाला लाल गोल कर. तू काय पाहिलंस ते लोकांना दाखवायचंय.”

हो म्हणून बसले! आणि दुपारपासून चाळीसदा पाहिला. मला अजूनही काही दिसत नाही.

मामा कापूस वेचणीवर देखरेख करायला शेजाऱ्यांच्या गाडीवर शेतात गेलेले, दमून आले आणि झोपले. उद्या बसवते आणि म्हणते, इथं बोट ठेवा. ह्या वेळी लेखात त्यांचं नाव घालणार आहे, मॅडम काहीही म्हणोत.

कानाच्या डॉक्टरचा नंबर परवा अकराचा लागलाय. तेही उद्याच सांगून टाकते.

३ नोव्हेंबर, सोमवार

भारत रात्रपाळी करून आत झोपलेला, म्हणून आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ लावला. बोट नेमकं कुठं पडतं ते टिपायचं होतं, म्हणून आज पहिल्यांदाच रीत सोडून स्टुलाच्या पलीकडं, मामांच्या समोर बसले. वाकून पडद्याकडं बघत होते. घोडी चालत गेली. व्हिडिओ संपला. मी पुन्हा लावला. पुन्हा संपला.

मामा पडद्याकडं तोंड करून शांत बसलेले. म्हणाले, “लाव की.”

मी वर पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर.

“कधीपासून, मामा?”

“पोळ्याच्या आधीपासून. उजेड तेवढा कळतो.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“दिसत न्हाई म्हणलं असतं, तर तू रोज हाक मारली असती का?”