चौथी गाठ

सोमवार, ४
पोचले एकदाची! पाच दिवसांचं शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, आम्ही आठ शिकाऊ सर्जन, आणि वसतिगृहात चक्क गरम पाणी. बाबांना फोन केला. ते शिंपी. त्यांच्या मते नऊ वर्षं शिकून पोरगी शेवटी आपल्याच धंद्यात आली. आज रबराच्या कातडीवर टाके घातले. मी डावखुरी, शिवाय बाबांच्या सवयीने तिनावर चौथी गाठ मारते. ते म्हणतात, तीन गाठी कापडासाठी, चौथी आपल्या झोपेसाठी. आमच्या म्हाताऱ्या सरांना आम्ही 'मास्तर' नाव ठेवलंय. ही गाठ कुठेही ओळखू येईल, असं ते म्हणाले आणि मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. प्रमाणपत्र मिळालं की कायमची नोकरी पक्की आहे.

मंगळवार, ५
आजपासून देहदान केलेल्यांवर सराव. आधी मिनिटभर गप्प उभं राहायचं, हा इथला शिरस्ता. माझ्या टेबलावर एक बाई, चेहरा झाकलेला. दुसरा शिरस्ता मोजणीचा: पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे दहाही गॉज दोघांनी मोठ्याने मोजायचे. माझा जोडीदार इतका उंच आणि अबोल की त्याचा 'खांब' झालाय. मोजले, दहा भरले, शिवलं. मास्तरांनी विचारलं, मोजणी पूर्ण? माझा आवाज उगाच चढा लागला.

बुधवार, ६
तीच बाई. आज आतड्यामागे जायचं होतं. तिथे एक जुना टाका सापडला, मांस धरलेला. चार गाठी, डाव्या हाताच्या. त्याखाली पिवळा पडलेला गॉज. खांब हळहळला, म्हणाला, कुणीतरी बिचारीला मारलं. मी गॉज ट्रेमध्ये टाकला आणि मान खाली घालून पुढचं काम सुरू केलं.

इथे तरी खरं लिहिते. चार महिन्यांपूर्वी आमच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टरने मोजले तेव्हा नऊच भरले. ती म्हणाली, परत मोजूया मॅडम. मला घाई होती. दहावा बादलीत पाहिलाय असं सांगून मी पोट शिवलं. पाहिला नव्हता. ती पेशंट पोटदुखी घेऊन तीनदा आली, आणि तिन्ही वेळा मी कागदावर 'गॅस' लिहिलं. चौथ्यांदा ती आली नाही.

सगळे जेवायला गेल्यावर कापड उचलून पाहिलं. ही ती नाही. हायसं वाटलं, मग त्याचीच शरम वाटली.

गुरुवार, ७
टेबल बदलून घेतलं. आज एक म्हातारे गृहस्थ. आत चार गाठी. गॉज. शेजारच्या टेबलावरही — चारही टेबलांवर. मास्तरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, हा हात कुणाचा. मी हात पाठीमागे घेतले. ते शांतपणे म्हणाले, ज्याचा असेल त्याने एवढंच सांगावं की किती भरले होते. बाकी काही नको.
नाही सांगितलं. उद्या प्रमाणपत्र आहे.
बाबांचा फोन. झोप लागते ना, विचारत होते. पोटात ओढ बसतेय, म्हणून लवकर ठेवला.

शुक्रवार, ८, सकाळ
आंघोळ करताना दिसला. बेंबीखाली. वीतभर जुना व्रण — माझं कधी ऑपरेशनच झालेलं नाही. वर चार गाठी. डाव्या —
सरावाच्या दहा गॉजचं पाकीट उघडलं. नऊ. परत मोजले. नऊच.

मास्तर दाराबाहेर आहेत. विचारताहेत, मोजणी पूर्ण? प्रमाणपत्राचा कागद त्यांनी दाराखालच्या फटीतून अर्धा आत सरकवलाय.
मी हो म्हणाले. दहा म्हणाले.

आत काहीतरी उलगडतंय. बाईचा आवाज, माझ्या पोटातून — मोजतेय. सहा. सात. आठ. नऊ. थांबते. परत पहिल्यापासून —
प्रत्येक आकड्याला एक गाठ सुटतेय. तीन सुटल्या. चौथी —

मास्तर, ऐका, नऊच होते, दहावा मी पाहिला न —