त्याच्या मागे, मुरमाच्या रस्त्यावर

३ नोव्हें., रवि.

आज प्रकाश वलगाव रोडवर उलट्या बाजूनं सायकल चालवत होता. समोरून ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या. चहाच्या टपरीवाल्यानं ओळखलं, हात धरून बाजूला घेतलं अन् मला फोन केला. ऑटोनं गेले. प्र. बाकावर बसून आरामात चहा पीत होता. मला पाहून म्हणे, "तू काहून आली?"

घरी विचारलं, उलट्या बाजूनं कसा काय? तर मी बरोबरच चाललो होतो, लोकच... असं म्हणाला आणि पुढचं वाक्य सापडलंच नाही त्याला. खिडकीकडे पाहत बसला.

 

५ नोव्हें.

सायकलला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये, ऑफिसात सोबत नेते. विसरण्याच्या आजाराचं सांगितलं तेव्हाच अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, रहदारी, गर्दी, अचानक येणारे आवाज यानं गोंधळ वाढेल, पण व्यायाम बंद करू नका. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही.

रुचाचा फोन. पोरगी अकोल्यात बसून सल्ले देते. सायकल विकून टाक आई, म्हणे.

सकाळी बुद्धवंदना घेतली दोघांनी. त्याचा एक शब्द चुकला नाही. लगेच नंतर विचारलं, दूध कुठं ठेवतो आपण?

९ नोव्हें.

दुपारभर कुलूप हलवत होता, शेजारच्या वहिनींनी सांगितलं. मी आल्यावर किल्ली मागितली. नाही म्हटलं. भिंतीवर मूठ मारली त्यानं. प्र.नं! ज्यानं वर्गात कधी पोरावर खडू फेकला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, दाराआड. नवऱ्याला भ्याले. लिहिताना लाज वाटते पण खरं आहे.

नंतर तोच आत आला, हात चोळत. "मले बाहेर जाऊ दे सुनंदा. घरात माह्या डोक्यात भलतंच होते." हे मात्र अगदी नीट बोलला.

१० नोव्हें., रवि.

विचार करून राहिले. रिटायर होण्याआधी दर रविवारी हा चिखलदऱ्याच्या पठारावर जायचा. गावाला गाव जोडणारे कच्चे रस्ते तिथं शोधून ठेवलेत त्यानं. मुरूम, बारीक गिट्टी, ट्रक नाही, बस नाही, आठवडी बाजाराला एखादी जीप तेवढी. कॉलेजची पोरं न्यायचा सोबत. मला कितीदा म्हणाला चल. मी म्हणायची, तुझं वेड तुझ्यापाशी.

उलट्या बाजूनं चालवलं तरी जिथं समोरून काही येणार नाही, अशी तेवढी एकच जागा मला ठाऊक आहे. पण एकटा कसा सोडू. रुचाची जुनी सायकल माळ्यावर आहे. मी लग्नाआधी चालवली, त्यानंतर नाही.

उद्या दुकानात टाकते. जाड टायर लागतील.

१७ नोव्हें., रवि.

गेलो. दोन्ही सायकली कारच्या मागे बांधून. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तसा प्र. बोलायला लागला, झाडं दाखवायला लागला.

मुरमावर पहिल्याच उतारावर माझं पुढचं चाक घसरलं. पडले नाही. दोन्ही ब्रेक गच्च दाबून बसले होते. हा मागं आला, उतरला, माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हणाला, ब्रेक असे दाबशील तर पडशील. हँडल सैल धर, चाकाले त्याची वाट घेऊ दे. सीटवर मागं सरकून बस, उतार संपते.

संपला उतार. खरंच संपला.

वळणावळणाला त्याला आधीच ठाऊक, आता चढ, आता खड्डा, आता डावीकडे पाण्याचा पाट. घरात संडासाचं दार चुकतं त्याचं. इथं एकदाही चुकला नाही.

परत येताना गाडीत झोपला. मी खूप दिवसांनी एकटीच रडले, चालवता चालवता.

२४ नोव्हें., रवि.

आज भीतीच फार. साग वाळायला लागला, पानं एवढाली मोठी, जरा कुठं हललं की कोणी चाललंय असं वाटतं. एके ठिकाणी रस्त्यातच अस्वलाची विष्ठा, ताजी. प्र. वाकून पाहतो, मोहफुलांच्या गोष्टी सांगतो. मी चारीकडे पाहते. फोनला रेंज नाही. हा पडला तर? मला काही झालं तर? तो कोणाला सांगेल, काय सांगेल, मी त्याची कोण?

हे तिथंच रस्त्यावर सुचलं. चढावर दम लागला होता, वरून हे.

आठवडाभर मात्र तो शांत होता. भिंतीपाशी गेला नाही. म्हणून पुन्हा जाणार.

१ डिसें., रवि.

कसं लिहू.

पठारावर धुकं होतं. मी नेहमीसारखी त्याच्या मागं. एका फाट्यावर तो थांबला, पाय टेकवून. मी जवळ गेले. हसला माझ्याकडे पाहून, अनोळखी माणसाशी हसतात तसं. म्हणाला, "मॅडम, तुमी व्हा समोर. माही बायको मांगून येऊन राहिली. तिले सवय नाई, मी थांबतो तिच्यासाठी."

मी म्हटलं, प्रकाश, मीच.

तो ओशाळला. वाद नको म्हणून मान हलवली नुसती, अन् माझ्या खांद्यावरून मागचा रस्ता पाहू लागला. चेहऱ्यावर काळजी. ती पडली असंन उतारावर, म्हणे, मी जाऊन पाह्यतो. सायकल वळवायला लागला.

 तुमी थांबा इथं, मी पाहून येते असं म्हटलं आणि आलेल्या रस्त्यानं मागं निघाले. वळण ओलांडलं, तो दिसेनासा झाला, तिथं उतरले.  हेल्मेट काढलं, ओढणी बदलून बांधली. किती वेळ थांबायचं असतं अशा वेळी? लवकर गेले तर ओळखणार नाही, उशीर केला तर शोधायला निघेल, भलतीकडे जाईल. धुक्यात उभी राहून मी माझ्याच नवऱ्याकडे जायला भीत होते.

मग सायकलवर बसले, गेले.

"किती उशीर सुनंदा," म्हणाला. "आताच एक बाई गेल्या मांगं. चांगल्या होत्या बिचाऱ्या, तुले शोधाले निघाल्या होत्या."

४ डिसें.

ऑफिसात दोन एण्ट्र्या चुकल्या. 

रुचाला रविवारचं सांगितलं नाही. चांगलं फिरलो एवढंच. "एक बाई गेल्या" हे डोक्यातून जात नाही. मी जिवंत असून...

घरात मात्र ओळखतो. आज भाजी खारट झाली तर बोलला. बरं वाटलं.

८ डिसें., रवि.

गेलो नाही. पाहुणे येणार असं खोटं सांगितलं. दिवसभर फाटकापाशी उभा, कोण आलं म्हणून. संध्याकाळी पुन्हा कुलूप हलवलं. पुढच्या रविवारी जाऊ असं वचन द्यावं लागलं.

१५ डिसें., रवि.

हरवला होता.

लांबच्या उतारावर मी ब्रेक धरत धरत, तो सोडून दिलेला. दिसत होता, मग वळणाआड गेला. खाली पोचले तर फाटा. एक रस्ता गवळ्यांच्या गावाकडे चढतो, एक दरीत जंगलाकडे उतरतो. दोन्हीकडे कोणी नाही. जमिनीवर चाकाच्या खुणा पाहिल्या, कडक मुरूम, काही कळत नव्हतं. हाका मारल्या. माझाच आवाज दरीतून परत येई, तो ऐकून आणखी भीती वाटे, म्हणून हाका बंद केल्या. मग वाटलं हाका नाही मारल्या तर त्याला कळणार कसं. पुन्हा मारल्या.

इथंच उभी राहू की जाऊ? आधी दरीकडे गेले. उतारच उतार. मनात दिसत होतं, खाली सायकल पडलेली. एका ठिकाणी पुढं जाणं मला झालंच नाही. शरीरच गेलं नाही. रस्त्यावर बसले. तथागताचं नाव घेते म्हटलं तर शब्द आठवेनात, रोजचे शब्द. याचं असंच होत असेल का?

मग मागं वळले, सायकल ढकलत वर, गावाकडे. कोणीतरी माणसं तर मिळतील.

पहिल्याच घराच्या ओट्यावर प्र. बसलेला. हातात दुधाचा गिलास. बाजूला गवळ्याच्या घरची बाई खवा हलवत होती. तिनं सांगितलं, हा माणूस आला, घर कुठं विचारलं तर हसला नुसता, म्हणून बसवून घेतलं. उन्हं कलली तरी कोणी आलं नसतं तर मुलाला वनखात्याच्या नाक्यावर पाठवणार होती.

प्र.ला विचारलं, थांबला का नाहीस फाट्यावर?

"थांबलो होतो ना," म्हणाला. "कोनासाठी थांबलो तेच आठवेना. मंग आलो."

त्या बाईनं मला दूध पाजलं, गिलास तिनंच धरला.  आम्ही निघालो तशी एवढंच म्हणाली, "बाई, इनको आगे मत छोडना."

१६ डिसें.

सगळं सांगितलं रुचाला. संध्याकाळच्या बसनं आली. खूप बोलली. तू त्यांना मारशील अन् स्वतःही मरशील. मी ऐकून घेतलं, तिचं चुकत नाही. दोन्ही सायकली माळ्यावर चढवून चादरी टाकल्या तिनं. प्र. खाली उभा राहून तिला सांगत होता, पेडल सांभाळ, भिंतीले लागेल.

२७ डिसें.

प्र. दिवसेंदिवस उतरतोय. दुसरा शब्द नाही. खुर्चीत बसवलं की बसतो, जेवण समोर असेपर्यंत जेवतो. भिंतीवर मारत नाही, कुलूप हलवत नाही. रुचा फोनवर म्हणे बघ, शांत झालेत.

हे शांत असणं मला ट्रकपेक्षा भयंकर वाटतं. आज दुपारी सुट्टी घेऊन घरी आले, हा त्याच खुर्चीत, सकाळी बसवला तसाच. माझ्याकडे पाहिलं आणि "मॅडम" म्हणाला. घरात. पहिल्यांदा.

२९ डिसें., रवि.

म्हणजे घरात ठेवूनही जातोच आहे तो. मग कशाची राखण करून राहिले मी?

शेजारच्या वहिनींच्या मुलाला बोलावून सायकली खाली काढल्या. रुचाला सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

५ जाने., रवि.

गेलो. आज मी पुढे. गवळीबाईचं ऐकलं. चढ-उतार मला तोंडपाठ झालेत, त्याच्याकडूनच. पण पुढे असलं की तो दिसत नाही. मुरमावरचा त्याच्या चाकांचा आवाज ऐकत चालवायचं, करकर करकर, कान मागं लावून. वारा आला की आवाज जातो अन् मी पेडल थांबवते. वाघ-अस्वल कशाचीच आठवण राहिली नाही, तेवढाच एक आवाज.

लांबच्या उतारावर एकदा म्हणाला, मागून, जोरात: "ब्रेक सोड!" मी सोडला.

शेवटच्या चढावर आवाज बंद झाला. लगेच नाही वळले. मनात होतं, वळून काय दिसेल. मग वळले. तो रस्त्याच्या मधोमध उभा, सायकल धरून, दरीकडे पाहत. ऊन होतं तोंडावर. मी हाक नाही मारली. काय म्हणून हाक मारू, तो कोणाला ओ देईल, कळत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं वर पाहिलं, मी दिसले. हात केला. कोणालाही करतात तसा, किंवा मलाच. इतक्या लांबून चेहरा कळत नव्हता. मीही हात केला, अन् तो सायकलवर बसून वर यायला लागेपर्यंत तशीच उभी राहिले.