दोघांमधली म्हैस

पिरनवाडी,
मंगळवार

तीर्थस्वरूप मारुतीमामांच्या चरणी भाचा रवळू याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तिकडे तुमचे गुडघे, मामींचा दमा आणि निपाणीची हवा यांचं आपसात जमतंय असं धरून चालतो. आप्पा दवाखान्यातून घरी आले आणि चहात साखर नाही म्हणून भांडले, तेव्हा बायपास यशस्वी झाली हे डॉक्टरांच्या आधी आम्हीच ठरवून टाकलं. पत्र अशासाठी की फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि शेजारच्या खोलीतल्या आईला सगळं ऐकू जातं. (विषय तुमच्या कॅमेऱ्याचा आहे. आधी बसून घ्या.)

ऑपरेशनची तारीख ठरली तसे आप्पा म्हणाले, “भितीला लावाय माझा एक फोटू काढून ठेव रं.” झालं. पिठाचे हात तसेच घेऊन आई बाहेर आली. “एकट्याचा काढायचा न्हाय. एकट्याच्या फोटूला हार पडतोय. काढलास तर दोघांचा काढ.” तेव्हा ध्यानात आलं, दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नाही. लग्नात कुणी काढला नाही आणि पुढं शेतातून नुसतं उभं राहायला सवड झाली नाही. मी मोबाइल पुढे केला, तर म्हणाली, “बोटानं पुसला जातोय त्यो कसला फोटू?” भावाच्या, तिच्या अण्णाच्या, कॅमेऱ्यावर मात्र तिचा विश्वास. (आपोआप फोकस करतो म्हणून तुम्ही तो पैपावण्यांना दाखवत फिरलात, तेव्हापासून घरात तुमच्याखालोखाल तोच शहाणा.) म्हणून मी तो तुमच्याकडून मागून आणला.

मामा, रागावू नका, पण यंत्रालाही वय होतंच. भिंग बाहेर यायचं ते तुम्ही बाजेवरून उठता तसं, कण्हत. आतला स्पंज विरघळून त्याची काकवी झालेली. बॅटरीचं झाकण मिटेना, त्याला रबर बांधलं. आकडे दाखवणारी काच काळी पडलेली, त्यामुळे रोलात किती शिल्लक हे फक्त रवळनाथालाच ठाऊक. फ्लॅश मात्र भर उन्हात उडायचा, कुणी न सांगता. तरी पहिला रोल मारला आणि धुवायला कोल्हापूरला पाठवला. परत आला तर काय, आई-आप्पा वाफेत उभे केल्यासारखे धूसर आणि मागं गोठ्यातली म्हैस इतकी स्वच्छ की पापण्या मोजाव्यात. एका नव्हे, सगळ्या फोटोंत. मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. (एखादी तुम्हालाही लागली असेल.) शेवटी तुमच्या सूनबाईनं, दिपालीनं, फोटो हातात घेतले. “अवो, दोघांच्या मधनं बघा की. म्हशीला वाट दिलीया.”

खरंच होतं. कॅमेरा बरोबर मधोमध बघतो, आणि आमच्या घरात नवराबायकोच्या मधोमध रिकामी जागा असते. रस्त्यानं जाताना आप्पा पुढे, आई दहा पावलं मागे. चारचौघांत उभं राहिलं तर मधून दुधाचं कॅन जाईल एवढं अंतर. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी नवा रोल घालून म्हटलं, जरा सरका. आप्पा खाकरले, आईनं पदर सारखा केला आणि दोघंही सरकले, बाहेरच्या बाजूला. बटण अर्धं दाबून आधी एकाच्या तोंडावर नेम धरता येतो म्हणतात, पण तुमचं बटण इतकं झिजलेलं की अर्धं दाबलं की पुरतं दबतं. या खटाटोपात आप्पांना उन्हात भोवळ आली. आईनं त्यांचा दंड धरून आपल्याकडे ओढलं. “बसा की खाली. जळ्ळा मेला त्यो फोटू.” मी धावलो, त्या घाईत बटण दाबलं गेलं आणि कॅमेऱ्यानं घरघर करत अख्खा रोल स्वतःहूनच गुंडाळून घेतला.

आप्पा दवाखान्यात गेले, रोल कोल्हापूरला गेला. मामा, त्या दिवसांत मी फार भ्यालो होतो. फोटो आला नाही तर आप्पाही येणार नाहीत, असं काहीतरी मनात घेऊन बसलो होतो, एवढा कचेरीत नोकरी करणारा माणूस. आप्पा घरी आले त्याच दिवशी पाकीट आलं. शेवटचा फोटो लख्ख. आईनं दंड घट्ट धरलाय, तोंडानं रागावतेय, आणि आप्पा तिच्याकडे बघून चक्क हसतायत. म्हैस एका कडेला, पार पुसट. मी ओसरीवर बसून डोळे पुसले आणि मग मनसोक्त हसलो.

कॅमेरा रबरासकट सुखरूप आहे. मामींना नमस्कार सांगा.

आपला भाचा,
रवळू

ता. क. खरं काम आता सांगतो. आई फोटो भिंतीला लावू देत नाही. “सुनंसमोर हात धरल्याला फोटू?” म्हणून तिनं तो हरभऱ्याच्या डब्यात घातलाय. सोबत निगेटिव्ह आहे. निपाणीत मोठा करून घ्या, चौकट घाला आणि आप्पांना भेटायला याल तेव्हा स्वतःच्या हातानं द्या. माहेरून आलेली वस्तू ती परत करत नाही. (तुमचा मिक्सर कधीच बंद पडला, अजून ओट्यावर आहे.) तिला याचा पत्ता लागू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईनं विचारलं, कुणाला लिहितोस. म्हटलं मामांना, आप्पांच्या तब्येतीचं. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “अण्णाला लिही, चौकट सागवानी घाल म्हणावं. आन् कडंची म्हस तेवढी कापून टाक.”