बाबांच्या भाषणाआधी युकुलेली

३ मार्च, सोमवार
युकुलेली घेतली. जुन्या सामानाच्या दुकानात, शिवणयंत्रामागे भिंतीला टेकून उभी होती. तारा एकही नाही, पण लाकूड अस्सल. विंटेज. दुकानदार म्हणाला, हिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. म्हणजे माझीच वाट पाहत असणार.
आमच्या घरात आजवर कोणी वाद्याला हात लावलेला नाही. पण माझ्याआधी पदवी तरी कोणी घेतली होती? सुरुवात कोणीतरी करावीच लागते.
आईने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, बाकीची गिटार कधी येणार? समजावून सांगितलं, युकुलेली एवढीशीच असते. वेळ लागेल.

५ मार्च, बुधवार
उत्तम कल्पना सुचली. येत्या १५ तारखेला बाबा छापखान्यातून निवृत्त होतायत. पाळी बदलताना जो अर्धा तास मिळतो, त्यातच निरोपसमारंभ. बाबा जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलणार आहेत. भाषण कागदावर लिहून काढलंय, येता-जाता पुटपुटत असतात. त्यांना आधार हवा. म्हणून भाषणाच्या आधी मी वाजवणार. वातावरणनिर्मिती.
बाबा म्हणाले, आधी कशाला, माझं झालं की वाजव ना. मी म्हटलं, बाबा, कार्यक्रमाचं एक शास्त्र असतं. ते पुन्हा कागद पुटपुटायला लागले. पटलं असावं.
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला रियाज.

६ मार्च
रियाज नाही. तारा नाहीत.

८ मार्च, शनिवार
तारा आणल्या. नायलॉनच्या. वाद्यांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, बसवून देऊ का? नको म्हटलं. आपलं काम आपण करावं.
गाठी मारण्यात दुपार गेली. खुंट्या जुन्या पद्धतीच्या, नुसत्या दाबून बसणाऱ्या. चौथी तार सुरात येईस्तोवर पहिली सैल. धाकटीने विचारलं, ताई, तू वाजवणार कधी? म्हटलं, सूर लावणं हाही रियाजच असतो.

११ मार्च
सूर अजून उतरतायत. घरातला टीव्ही हे एक कारण असू शकतं.
बाईंना फोन केला. म्हणाल्या, नव्या तारा ताणल्या जातात, थोडे दिवस लावत राहा, धीर धरा. मुलींनाच कायम धीर धरायला का सांगतात, यावर एकदा लेख लिहायला हवा. मुद्दे काढले. त्यामुळे रियाज राहिला.

१३ मार्च, गुरुवार
प्रश्न सुटला. स्टीलच्या तारा, गिटारच्या. स्टील असं ताणलं जात नाही, साधं विज्ञान आहे. बाई म्हणाल्या, हिला नका लावू हो, लाकडाला सोसायचं नाही. मी म्हटलं, जुनं लाकूड आहे, हल्लीच्यासारखं नाही. त्यांनी पिशवी पुढे केली.
सूर टिकले. एका गाण्याचं पहिलं अर्धं बसलं. दुसरं अर्धं साधारण तसंच असतं.
युकुलेलीच्या पोटाला किंचित फुगवटा आलाय. वयोमानाने होत असेल.

१४ मार्च
बाबांनी छापखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय. फोरमन विचारत होते, मुलीला माईक लागेल का? आई म्हणाली, उद्या ह्यांना बोलायला वेळ ठेव गं. माझं पाचच मिनिटांचं आहे.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळ
कार्यक्रम झाला. लोकांवर परिणाम झाला, असं म्हणायला हरकत नाही.
सूर घरूनच लावून नेले होते, पण बसच्या हादऱ्यांनी खुंट्या सुटल्या. म्हणून तिथे पुन्हा लावले. बेसूर वाजवणं मला तत्त्वतः मान्य नाही. माणसं कागदाच्या गठ्ठ्यांवर शांत बसली होती. फोरमन घड्याळ बघत होते. बाबा हातात कागद घेऊन माझ्या शेजारी उभे.
शेवटची तार पिळताना घोडी, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी, ताडकन उखडली आणि तारांसकट फोरमनच्या चहात पडली. लोक हसले. बाबाही हसले. लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून मी जुन्या वाद्यांच्या जपणुकीविषयी थोडं बोलले. विषय मोठा आहे. मध्येच भोंगा झाला आणि सगळे उठून आपापल्या मशीनकडे गेले. बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.
परतताना मी म्हटलं, बाबा, तुमचं राहिलंच. म्हणाले, अगं, बरंच झालं. मला कुठे बोलता येतं.

रात्री, जेवणाआधी
बाबा स्वयंपाकघरात आईला आणि धाकटीला भाषण म्हणून दाखवतायत. दार लोटलंय, पण इथे ऐकू येतंय. कुठेही अडखळले नाहीत. मशीनबद्दल बोलले, सोबतच्या माणसांबद्दल बोलले, आईच्या डब्याबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, आणि आता आमच्या घरातली पहिली पदवीधर, माझी मुलगी, तुम्हाला वाजवून दाखवेल.
धाकटीने विचारलं, ताईला बोलावू का?
बाबा म्हणाले, नको, राहू दे. आधी जेवून घेऊ.