आतून वाजणाऱ्या दाराविषयी

प्रति,
माननीय तहसीलदार व तालुका कार्यकारी दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, करंजनाळ,
जिल्हा बिदर.

अर्जदार : उद्धवराव माणिकराव बिरादार, वय ६३, परवानाधारक दस्तलेखक, राहणार जुनी पेठ, करंजनाळ.

विषय : पेठेतील शिलाई कारखान्याच्या मागील संकटकालीन दारापुढचा ओटा हटविणे, व येत्या शनिवारी त्या दारावर बसणारी लोखंडी जाळी थांबविणे याबाबत.

संदर्भ : १. अर्जदाराने याच कामी अन्य तीन कार्यालयांस दिलेले अर्ज व त्यांची उत्तरे. २. गेल्या श्रावणातील एका शनिवारी उक्त कारखान्यात झालेली आगीची तालीम.

महोदय,

प्रस्तुत अर्ज मराठीत आहे; कन्नड भाषांतर सोबत जोडले आहे. अर्जदारास कन्नड व्यवहारापुरते येते, आणि ही बाब व्यवहारापुरती नाही.

१. अर्जदाराचा जन्म लोकांच्या मिळकतींच्या चतुःसीमा लिहिण्यात गेला. म्हणून प्रथम वादातील इमारतीची चतुःसीमा. खाली कापडाची दुकाने, वर एकाच दालनात शिलाई कारखाना. पूर्वेस बाजाररस्ता, व त्या बाजूस पुढील जिना. दक्षिणेस व उत्तरेस शेजाऱ्यांच्या भिंती, भिंतीस भिंत लागून, मध्ये बोटही शिरणार नाही अशा. पश्चिमेस मागील जिना, त्याच्या पायथ्याशी बाहेर उघडणारे लोखंडी दार, व दारापुढे अरुंद बोळ. दालनात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शंभराच्या आसपास बाया; भोवती कापडाचे ठाण, चिंध्या, इस्त्र्या. दिवाळीमुळे खालच्या दुकानांत माल छतापर्यंत चढलेला आहे आणि बाजाररस्त्यावर पुढच्या जिन्याच्या तोंडाशी फटाक्यांच्या गाड्या लागल्या आहेत. पूर्वेस पेट घेतला, तर पश्चिमेखेरीज दिशा उरत नाही, हे सांगण्यास दस्तलेखक लागत नाही.

२. उक्त दार पूर्वी उघडत होते. अडचण इतकीच की बोळात लोक दारापुढे मोटारसायकली लावीत व लघवीस बसत. कारखान्याचे मालक बसवप्रभु यांस निरीक्षकांनी बजावले की दाराची बाहेरची जागा सदैव मोकळी राहिली पाहिजे. मालकांनी पाट्या लावल्या. लोकांनी पाटीच्या आडोशाने कार्यभाग उरकला. तेव्हा मालकांनी आपल्या मुलखात सर्वमान्य असलेला उपाय योजिला, आणि दारावर मारुतीची चिनी मातीची फरशी चिकटविली. दुसऱ्या दिवसापासून बोळ स्वच्छ झाली. निरीक्षकांनीही संतोष व्यक्त केला.

३. तथापि देव एकदा आला म्हणजे तो केवळ पहाऱ्यापुरता राहत नाही. कोणी उदबत्ती लावली. कोणी शनिवारी तेल वाहिले. तेल सांडून पाय घसरतात म्हणून कोणी पुण्यवंताने सिमेंटचा ओटा बांधून दिला. नाव पडले ‘कवाड्या मारुती’. आता ओटा दारास असा भिडला आहे की दार चार बोटे उघडते आणि थांबते. येथे अर्जदार स्पष्ट करू इच्छितो की तो नास्तिक नाही. तो स्वतः दर शनिवारी या मारुतीस तेल वाहतो. अर्जदाराचा वाद देवाशी नसून ओट्याशी आहे.

४. आता तालीम. मालकांनी ती श्रावणातल्या शनिवारी ठेवली, कारण शनिवारी कारखाना अर्धा दिवस असतो व कामाचे नुकसान कमी होते. त्याच शनिवारी बोळात मारुतीपुढे पाय ठेवण्यास जागा नव्हती. ठरल्याप्रमाणे भोंगा वाजला. अर्ध्या बाया पुढच्या जिन्याने उतरल्या. उरलेल्या मागच्या जिन्याने दारापर्यंत आल्या. सर्वांत पुढे लिंगम्मा नावाच्या कामगार बाई होत्या. त्यांनी दार ढकलले. ते चार बोटे उघडले. मागून येणाऱ्यांस पुढचे दिसत नव्हते. त्या उतरतच राहिल्या. जिन्यात उजेड नाही. बाया दार बडवू लागल्या.

५. बाहेर काय झाले ते अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, कारण तो त्या वेळी हातात तेलाची वाटी घेऊन रांगेत उभा होता. दारावरचा मारुती थरथरू लागला. ओट्यावर बसून फुले विकणारे मृत्युंजय, जे पूजाही तेच करतात, मोठ्याने म्हणाले (शब्द जसेच्या तसे दिले आहेत, क्षमस्व) : “हालायलाय! मारुतीराया हालायलाय बगा!” त्यासरशी घंटा सुरू झाली. ओट्यावर नारळ फुटू लागले. आतून ‘दार उघडा’ असा आक्रोश चालला होता. बाहेर जयजयकार चालला होता. आणि आत जसे जोराने बडवीत, तशी बाहेर घंटा जोराने वाजे. अर्जदार ओरडला की आत माणसे आहेत. शेजारच्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हटले, “व्हय अण्णा, तुमाला बी दिसलं का? नशीबवान हाव.”

६. इतक्यात चार बोटांच्या फटीतून एक हात बाहेर आला. खटकचिंचोळीहून आलेल्या एका वृद्धेने तो हात भक्तिभावाने कपाळास लावला, तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा व खडीसाखर ठेवली, आणि बोटे प्रेमाने मिटून तो हात परत आत ढकलला.

हात अर्जदाराच्या मुलीचा होता. अंगठी पाहून अर्जदाराने ओळखला.

७. कन्या दीपमाला ही कारखान्यात शिलाईच्या एका रांगेची प्रमुख आहे. संकटकालीन आराखड्यात मागच्या जिन्याची जबाबदारी तिच्या नावावर आहे. तिला हिरवे जाकीट व शिट्टी दिली आहे. मागच्या सर्व बाया दाराबाहेर पडल्याशिवाय तिने बाहेर पडावयाचे नाही, असे आराखड्यात लिहिले आहे व तिने खाली सही केली आहे. त्या दिवशी ती गर्दीतून वाट काढीत दारापाशी आली, आणि दार अडलेले पाहून शिट्ट्या मारून मारून तिने बायांस उलटे वर चढविले व पुढच्या जिन्याने काढले. चेंगरण्यात अंबिका नावाच्या मुलीचा हात मोडला. लिंगम्मांच्या बरगडीस मार लागला; भेटावयास गेलेल्या अर्जदारास त्या हसतच म्हणाल्या, “देवाच्या पाठीमागं उभारले होते अप्पा, म्हून आशीर्वाद बी पाठीतच बसला.” तालमीच्या अहवालात ‘यशस्वी, किरकोळ दुखापत’ अशी नोंद आहे, कारण मोजणी पुढच्या फाटकावर झाली, व तेथे अखेरीस सर्व बाया भरल्या.

८. अर्जदाराने दीपमालेस काम सोडण्याविषयी विनविले. ती उत्तरली, “म्या सोडलं तर ही शिट्टी कुणाच्या गळ्यात घालू, अप्पा? अंबिकाच्या?”

९. त्यानंतर अर्जदारास ज्यांच्या ज्यांच्या दारी जाणे शक्य होते, त्यांच्या दारी तो गेला.

कारखाना निरीक्षकांचे उत्तर असे की नियमानुसार दार कुलूपबंद नसावे, बाहेर उघडणारे असावे, व आतून अडथळा नसावा. तपासणी आतून केली असता तिन्ही अटी पूर्ण आढळल्या. ओटा बाहेर आहे. बाहेरची बाजू नगर कार्यालयाकडे येते.

नगर कार्यालयाचे उत्तर असे की ओटा बांधण्यास परवानगी दिली नसल्याने दप्तरी ओटा अस्तित्वात नाही. जो अस्तित्वात नाही तो पाडण्याचा आदेश काढता येत नाही. शिवाय विषय धार्मिक असल्याने पोलिसांचे मत घ्यावे.

पोलीस ठाण्याचे मत असे की ओटा असल्याने शांतता आहे, ओटा काढल्यास शांतता धोक्यात येईल. सबब शांतता राखावी.

महोदय, या तिन्ही उत्तरांत असत्य असे एकही वाक्य अर्जदारास सापडले नाही. त्याची झोप त्यामुळेच उडाली आहे.

१०. अर्जदार मृत्युंजय यांच्याकडेही गेला, आणि त्यांनी अर्जदारास सौजन्यानेच वागविले. फरशी दारावरून काढून चार हातांवरील भिंतीत विधिपूर्वक बसवावी, ही सूचना त्यांनी देवापुढे ठेवली व फरशीवर फूल चिकटवून कौल लावला. फूल डावीकडे पडले, म्हणजे नकार. अर्जदाराने दाखवून दिले की वर यंत्रे चालू असता दार थरथरते व फूल पडणारच; सुट्टीच्या दिवशी कौल लावावा. तसाही लावला. यंत्रे बंद, दार स्तब्ध. फूल पडलेच नाही. मृत्युंजय यांनी निर्णय दिला की देव रुसला. शेवटी अर्जदाराने हात जोडून सांगितले की त्या शनिवारी मारुती हालला नव्हता, आतून माणसांनी दार ढकलले होते. मृत्युंजय म्हणाले, “ढकलणारं माणूस असंल अण्णा, म्या कुटं न्हाई म्हणलाव? पर ढकलायची बुद्दी कुणी दिली?”

११. तेव्हापासून दर शनिवारी औरादपर्यंतचे लोक येतात, आणि देव पुन्हा हालेल या आशेने दाराकडे टक लावून बसतात. आतून कोणी झाडू आपटला तरी घंटा होते. गर्दीच्या धक्क्याने फरशी फुटू नये म्हणून भक्तमंडळींनी वर्गणीतून लोखंडी जाळी घडवून आणली आहे. तिचे गज दोन्ही बाजूंच्या भिंतींत रोवून ती दारावरून आडवी बसणार आहे. मुहूर्त येत्या शनिवारचा, धनत्रयोदशीचा. जाळी बसली म्हणजे चार बोटांची फटही जाईल. पुढच्या वेळी कोणाचा हातसुद्धा बाहेर येणार नाही.

१२. कारखाना चालू असेतोवर अर्जदार आताशा रोज त्या ओट्यापाशी उभा असतो. त्याच्या खांद्यावरील घोंगडीत पहार आहे. ही गोष्ट आपल्या कार्यालयास आगाऊ कळविणे तो आपले कर्तव्य समजतो, जेणेकरून मागाहून कोणी ती लपविली असे म्हणू नये. आतून दार वाजले व घंटा सुरू झाली, तर अर्जदार पहार काढील, ओट्यावर चालवील, आणि त्या क्षणी भोवतालची गर्दी त्याचे काय करील याचा त्याने विचार करून ठेवला आहे. एका माणसाकडून ओटा किती वेळात फुटेल, याचाही. दोन्ही विचारांचे उत्तर अनुकूल नाही. लोक मात्र रोज उभा राहतो म्हणून त्याच्या पाया पडू लागले आहेत.

१३. सबब प्रार्थना अशी की,

(अ) शनिवारी बसणारी जाळी आपल्या अधिकारात तात्काळ थांबवावी.

(आ) मारुतीची फरशी विधिपूर्वक शेजारच्या भिंतीत बसवून ओटा काढावा. काम अर्जदार स्वतःच्या हातांनी, अनवाणी व उपाशीपोटी करील. देवाचा कोप होणार असेल, तर तो अर्जदाराच्या नावे लिहून घ्यावा. तसा दस्त लिहिण्यास तो पात्र आहे.

(इ) वरीलपैकी काहीच आपल्या अधिकारात बसत नसेल, तर निदान त्या दारावर, मारुतीच्या खाली, सरकारी शिक्क्यानिशी एक फलक लावावा. मराठी, कन्नड व उर्दूत. मजकूर अर्जदाराने बराच काळ घासून सिद्ध केला असून त्यात एकही शब्द अधिक नाही :

‘आतून दार वाजले तर तो देव नव्हे. माणसे आहेत.’

आपला विनीत, व दाराच्या बाहेरच्या बाजूस उभा,

उद्धवराव माणिकराव बिरादार
करंजनाळ, दिनांक १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. प्रस्तुत अर्जाचे कन्नड भाषांतर.
२. तिन्ही कार्यालयांच्या उत्तरांच्या नकला.
३. दाराची बाहेरून व आतून घेतलेली छायाचित्रे. आतील छायाचित्रात दारावर उमटलेले तळवे दिसतात.
४. कागदात गुंडाळलेला खोबऱ्याचा तुकडा, वाळलेला. प्रसाद असल्याने टाकता येत नाही. मुलीला खाववत नाही. आपल्या दप्तरी राहावा.