खालच्या पट्टीत

५ जाने., जळगाव
थायरॉईडच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. आवाज अजून घोगराच. थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "बोलून झालं, आता गा. पाठ असलेलं काहीही." भजन म्हणायला गेले आणि तोंडातून आलं आमच्या बँडचं अहिराणी गाणं! वीसेक वर्षांनी. मॅडम खूश. मी रिक्षात रडले.

६ जाने.
बँड म्हणजे आम्ही तिघंच. दिनेश गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा. रफिक ड्रमवर. मी गायची. रफिकच्या अब्बांच्या फर्निचरच्या दुकानामागे प्रॅक्टिस. भुसा झटकून घरी जायची, तरी आईला कळायचंच.
मग धुळ्याचा कार्यक्रम, आमचा पहिलाच मोठा. आदल्या दिवशी लग्न ठरलं. सासरची अट, गाणं बंद. गेले नाही. निरोपसुद्धा दिला नाही. ते दोघं तिथे स्टेजवर...

९ जाने.
रफिकचा नंबर मिळाला. आता धुळ्यात दुकान आहे त्याचं. फोन केला.
"मी सुनंदा."
"कोण सुनंदा? तिचा आवाज असा नाही." ठेवून दिला.
पुन्हा करायचा धीर होईना. संध्याकाळी त्याचाच आला. "आवाजाले काय झालं गं? ये इकडं."

१८ जाने., रवि.
ह्यांना सांगितलं, बँडच्या मित्राला भेटायला धुळ्याला चाललेय. पेपरमधून वर बघून म्हणाले, "स्टँडवर सोडू?" इतकंच. मीच इतकी वर्षं उगाच घाबरले? नाही, उगाच नाही. तेव्हा असं विचारलं नव्हतं.
रफिकची दाढी पांढरी झालीय. माफी मागितली. तो चहा ओतत राहिला. मग म्हणाला, "आम्ही दोन गाणी नुसती वाजवली. लोक ओरडायला लागले. त्या दिवसापासून दिनेशनं लिहिणं सोडलं. माफी त्याले मांग."
दिनेश शिंदखेड्याला शिक्षक आहे. तिथूनच फोन लावला. त्याने कट केला.

२३ जाने.
दिनेशला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी तेव्हा काय झालं ते सगळं सांगितलं, मग एक कडवं गायले. वरचा सा फाटला. तसाच राहू दिला.
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३० जाने.
दिनेशचा फोन! "बठ्ठं ऐकलं, सगळं. तीनदा." मग म्हणाला, "राग गेलेला नाही माझा."
"असू दे."
"ते गाणं आता तुझ्या गळ्यात बसत नाही. सोड ते. खालच्या पट्टीत काही जमतं का, बघतो."
'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि खालचा सा लावून पाहिला.

१ फेब्रु., रवि., स. ७
आज रफिकच्या दुकानात जमायचं, असं त्याने मला आणि दिनेशला सांगितलं होतं. मी हो म्हटलं. दिनेशकडून पहाटे नव्या गाण्याच्या चार ओळी आल्यात. खाली लिहिलंय, 'पाचवी सुचत नाही.' धुळ्याला येतो का, त्यावर एक अक्षर नाही.
चार ओळी गाऊन पाहिल्या. चौथीला सूर अगदी खाली उतरतो. तिथे हा घोगरा आवाजच बरा वाटतो.
पावणेआठची गाडी आहे. निघते.