दोन अक्षरांचा अर्ज

बों अक्योय,
१७ ऑगस्ट १९८९

प्रिय मोहन,

ऊसतोडीच्या दिवसांत आई-बाबा शेतावर गेले की आपण दोघं पायरीवर बसून उकडलेला मान्योकचा कंद खायचो, आठवतं? गरम तुकडा तू माझ्या हातात द्यायचास. मी फुंकर घालून, साल काढून तुला परत द्यायची. हात माझे पोळायचे. तुझी धाकटी जीभ जपायची, एवढंच मला तेव्हा कळायचं, आणि खरं सांगते, त्यात सुख होतं.

आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून अमेरिकेहून आलेली तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवायची. १९८४ च्या जुलैत तिनं अंथरूण धरलं तेव्हा मी तुला तार केली. तू लिहिलंस, येता येणार नाही. संगणकांच्या जाळ्यात नावांची नवी रचना ठरते आहे, शिक्षणसंस्थांच्या नावाला एक शेपूट, कंपन्यांना दुसरं, सैन्याला तिसरं, आणि प्रत्येक देशाला दोन अक्षरं. मी आईला एवढंच सांगितलं, मोहन तिकडे नावं ठेवतोय. ती हसली. म्हणाली, नाव आत्यानं ठेवायचं असतं, बाप्याला काय कळतंय त्यातलं. नऊ दिवसांनी ती गेली. अग्नी काकांच्या सुरेंद्रनं दिला. पुढे तुला लेक झाली, तिचं नाव मला वर्षानं कळलं.

यंदा मात्र तुझी पत्रं लांब झाली. आपल्या बेटाची दोन अक्षरं अजून कुणी मागितली नव्हती, ती तुला हवी होती. ती अक्षरं वाटणारं अमेरिकेतलं कार्यालय ती स्वतः बनवत नाही, हे तू किती प्रेमानं समजावलंस. देशांच्या संकेतांची एक जागतिक यादी आहे, तिच्यातून ते घेतात, म्हणजे कोण देश आणि कोण नाही हा निवाडा त्यांच्या गळ्यात पडत नाही. मग दोन संगणक दाखवायचे, एक बंद पडला तर दुसऱ्यानं उत्तर द्यावं. आणि त्या देशात राहणारा एक जबाबदार माणूस हवा, तिथल्या लोकांना मान्य असलेला. संगणक तू तुझ्या विद्यापीठातले दाखवलेस. माणूस म्हणून स्वतःचं नाव घातलंस, आणि पत्ता इथला.

तिथे चुकलास. रेद्वीच्या विद्यापीठात संगणक शिकवणाऱ्या चंद्रिकाचा पत्ता दिला असतास तर तिनं सांभाळून घेतलं असतं. पण आपल्या गावात घरांना नंबर नसतात, पत्रं चिनी दुकानाच्या मार्फत येतात, आणि सवयीनं तू तेच लिहिलंस. दुकानदारानं त्या कार्यालयाकडून तुझ्या नावानं आलेलं पाकीट उंच धरून विचारलं, ‘मिस, ऊ फ्रेर इन रेतुर्ने?’ भाऊ परत आला का? मागून आपली शेजारीण बसंती म्हणाली, ‘आईच्या तेराव्याला निघालाय, बोट जरा हळू आहे.’ सगळे हसले. मीही हसले.

आत इतकंच विचारलं होतं, की अर्जदार या पत्त्यावर राहतो का आणि कुणाची हरकत आहे का. तू आधीच बजावलं होतंस, ताई, फोड आणि माझ्या नावानं ‘हो’ लिहून टाक. मी फोडलं, पण लिहिलं माझ्या नावानं. तो १९७५ पासून इथे राहत नाही. आई मेली तेव्हाही आला नाही. माझी हरकत आहे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं तसं, समास सोडून, सुंदर अक्षरात. त्यांचं उत्तर काल आलं, अर्ज बाजूला ठेवला आहे.

हे तुला त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. आणि सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलतात. घर आणि परसदार सुरेंद्रला दिलं. शिवणयंत्र बसंतीला. तू पाठवलेल्या अर्जाच्या प्रती मी स्वतः चंद्रिकाला देऊन आले. ती इथे राहते, ती दोन अक्षरं तिनं मागावीत. आईच्या बांगड्या तुझ्या लेकीच्या. त्या पोस्टानं पाठवायच्या नाहीत असं सुरेंद्रला सांगून ठेवलंय. तिनं इथे येऊन हातात घालून न्याव्यात. मोठी झाली की तिला एकटीला पाठव.

तुझीच,
पुष्पाताई